पुसण्याआधी : एक प्रस्तावना

शिवनेरीवर जाणारे बहुतेक लोक शिवाई देवी, शिवजन्माची इमारत, बदामी तलाव आणि कडेलोटाचे टोक एवढे पाहून उतरतात. त्याच डोंगराच्या कड्यात बौद्ध लेणी आहेत हे पुष्कळांना ऐकून माहीत असते, पण तिकडे वाट वाकडी करणारे थोडे. त्या लेण्यांत सपाट छताचे एक चैत्यगृह आहे. आत शिरल्यावर आधी काहीच दिसत नाही. डोळे सरावले की छतावर चौकोन दिसू लागतात, प्रत्येक चौकोनात एकात एक वर्तुळे, आणि वर्तुळांमध्ये नारिंगी, तपकिरी, पांढरा. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० सालच्या लेण्यांवरच्या ग्रंथात या रंगकामाची नोंद आहे. मांडवाला आतून छताचे कापड ताणतात तसे काहीतरी दगडावर उतरवायचे त्या चित्रकाराच्या मनात असावे, असे मला वाटते.

हे छत प्रसिद्ध नाही. त्याची पोस्टकार्डे निघत नाहीत, शाळेच्या पुस्तकात ते नसते. तरीही जुन्या चित्रांच्या जतनाविषयी बोलायला मी सुरुवात इथून करतो, कारण जगातल्या नामांकित चित्रांना जे प्रश्न फार उशिरा विचारले गेले ते इथे अजून वेळेवर विचारता येतात. वर्तुळांमधला काळेपणा रंगाचा आहे की धुराचा? नारिंगी मूळचाच नारिंगी, की दुसरा कुठला रंग उतरून असा झालेला? पांढरे दिसते ती चित्रकाराने मुद्दाम लावलेली पांढरी, की वरचा रंग पोपड्यासकट गळून उघडा पडलेला खालचा हात? पुसून पाहिल्याशिवाय यातले बरेचसे कळणार नाही. आणि पुसले, की उत्तराबरोबर पुरावाही पुसला जाण्याची भीती. पुढची सगळी प्रकरणे या एका अडचणीभोवती फिरतात.

चित्रांच्या सफाईच्या बातम्या वर्तमानपत्रात नेहमी एकाच चालीवर येतात. शतकानुशतकांचा मळ निघाला, खालून लखलखीत मूळ चित्र निघाले, तज्ज्ञ थक्क झाले. त्यात खोटे काही नसते, पण अर्धेच असते. चित्राखाली काय सापडले हे जितके मोलाचे, तितकेच ते कशाखाली सापडले हेही मोलाचे आहे. दिव्याची काजळी, वटवाघळांची घाण, कुणी लावलेले पॉलिश, कुणी मारलेला चुना, कुणी भरलेला नवा रंग, हे सगळे त्या चित्राचेच आयुष्य आहे. सफाई करणारा माणूस हे आयुष्य उलट्या बाजूने वाचत जातो, आणि वाचलेले पान त्याला फाडावे लागते. म्हणून त्याने ते नीट वाचून, टिपून, मगच फाडावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्याकडे हे समजून घ्यायला अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यासारखे दुसरे ठिकाण नाही. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या खोऱ्यात आला आणि याच लेण्यात शिरला. खांबावरच्या एका रंगवलेल्या आकृतीवर त्याने आपले नाव, पलटण आणि तारीख कोरून ठेवली. आज ते नाव माणसाच्या डोक्याच्या बरेच वर दिसते, कारण तो उभा होता तो दगडमातीच्या ढिगाऱ्यावर. चित्राची नासधूस म्हणून त्या कोरण्याचा राग येतो, आणि त्याच वेळी त्या दिवशी लेण्यात केवढा भराव होता याचा तो पुरावा म्हणून कामालाही येते. ते नाव भरून बुजवावे असे आता कुणी म्हणणार नाही.

लेणे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातले. लांबट सभागृह, एकोणचाळीस अष्टकोनी खांब, टोकाला स्तूप. खांबांवरचे बुद्ध मात्र पाचव्या शतकाच्या आसपासचे, म्हणजे लेण्याहून पाचसहाशे वर्षांनी धाकटे. भिंतींवरची जी मूळची चित्रे, त्यात डाव्या बाजूला बोधिवृक्षाच्या पूजेला निघालेला राजा आणि त्याच्या परिवारातल्या स्त्रिया. उजव्या बाजूला दोन जातककथा. एक सहा सुळ्यांच्या हत्तीची, छद्दंताची. दुसरी आंधळ्या आईबापांची सेवा करणाऱ्या साम नावाच्या मुलाची: तो पाण्याला जातो आणि राजाचा बाण त्याला लागतो. आपण जिला श्रावणबाळाची गोष्ट म्हणून ओळखतो तिची ही सख्खी बहीण. फरक एवढा, की जातकात मुलगा शेवटी जगतो.

या चित्रांवर पहिला थर धुराचा आणि वटवाघळांचा. भिक्षू गेल्यावर लेण्यात येऊन राहिलेल्यांनी चुली पेटवल्या, शेकोट्या केल्या. दुसरा थर प्रेमापोटी आलेला आहे. रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षे इथे चित्रांच्या नकला करत होता. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या कलाशाळेतले विद्यार्थी घेऊन बसला. चित्रे मंद दिसत, नक्कल करताना रंग उठून दिसावेत म्हणून भिंतीवर व्हार्निशचा हात मारला गेला. गिलच्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, ग्रिफिथ्सच्या नकलांपैकी पुष्कळ १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत. ज्या कागद-कॅनव्हासासाठी भिंतीला व्हार्निश फासले ते जळाले आणि व्हार्निश भिंतीवर राहिले. दैवाची चेष्टा म्हणतात ती अशी.

तिसरा थर सर्वात हेतुपूर्वक दिलेला. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथले पुरातत्त्व खाते गुलाम याझदानी यांच्याकडे होते, आणि ते काम जाणणारे होते. पडू लागलेली चित्रे वाचवायला त्यांनी १९२०-२२ च्या सुमारास इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी असे दोन जाणकार आणवले. त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा भिंतीला चिकटवला, कडा बुजवून घेतल्या. हे काम खरोखर तारक ठरले, आज जी चित्रे आहेत त्यांतली कितीतरी त्यामुळे आहेत. पण शेवटी त्यांनी लाखेचा हात दिला. सुतार जिला चपडा म्हणतो तीच लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. ओली असेपर्यंत चित्र झळाळून उठते. वर्षे गेली की तीच लाख पिवळी पडते, मग तपकिरी होते, वर धूळ धरून ठेवते आणि आकसताना खालच्या रंगाच्या खपल्या स्वतःबरोबर उचलते. १९५३ पासून लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आली. खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांनी लाख काढायला घेतली आणि खपल्या धरून ठेवायला पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा पातळ थर वापरला. तोही पुढे काढण्याजोगा ठरला.

दोन पिढ्या अजिंठ्यावर लिहिणाऱ्यांनी त्या चित्रांतल्या सोनेरी, ऊबदार, गूढ छटेचे कौतुक केले. त्या छटेचा निम्मा वाटा लाखेचा होता. चित्राची सफाई प्रेक्षकाच्या आवडीवरचा थरही काढते, आणि तो काढून घेतलेला माणसांना आवडत नाही. रोममध्ये सिस्टिन चॅपेलचे छत १९८० नंतर स्वच्छ झाले तेव्हा मायकेलअँजेलोचे रंग भडक निघाले म्हणून मोठमोठे अभ्यासक खवळले. आम्सटरडॅममधल्या रेम्ब्राँटच्या 'नाइट वॉच'ला रात्रीचे नाव मिळाले तेच मुळी काळवंडलेल्या व्हार्निशमुळे; चित्रातला प्रसंग दिवसाचा आहे.

१९९९ पासून खात्याच्या विज्ञान शाखेतले राजदेव सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवव्या-दहाव्या लेण्यात सफाईचे मोठे काम केले. काजळी, लाख, घाण असे थर एकेक करून उतरले आणि जो भाग काळी भिंत म्हणून सोडून दिलेला होता तिथे चेहरे दिसू लागले. बांधलेले फेटे, गळ्यात जाड माळा, कानांत जड कर्णभूषणे, चेहऱ्यावर गंभीर भाव. ठेवण सांची-भारहुतच्या कोरीव माणसांच्या जवळची. अजिंठा म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारा पद्मपाणी पाचव्या शतकातला. ही माणसे त्याच्या किमान पाचशे वर्षे आधीची. चित्र असे म्हणावे असे आपल्या देशात टिकलेले जे सर्वात जुने, त्यात यांची गणना होते.

आता जुन्नरकराने इथे थोडे थांबावे. ही माणसे आपल्या लेण्यांच्या काळाशी जवळची आहेत. जुन्नरभोवती दीडशेच्या वर लेणी आहेत: लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी. नाणेघाटातून कोकणात उतरणाऱ्या व्यापाराच्या पैशावर ती उभी राहिली, आणि दान देणाऱ्यांनी आपली नावे लिहून ठेवली. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाला दान देणारा सुलसदत्त कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा. शिवनेरीवरच्या एका लेखात वीरसेनक नावाच्या गृहपतीने सर्व लोकांच्या हितसुखासाठी चैत्यगृह दिल्याचे आहे. बांबूचे काम करणाऱ्यांच्या, कासारांच्या, धान्यवाल्यांच्या श्रेणी आहेत. इरिल आणि चिट असे यवनही आहेत. मानमोडीला नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम आहे. नावे आपल्याकडे आहेत, तोंडवळे नाहीत. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात तोंडवळे आहेत. वीरसेनक कसा दिसत असेल, फेटा कसा बांधत असेल, त्याच्या घरातल्या बायका अंगावर काय घालत असतील याचा अंदाज त्या साफ झालेल्या भिंतीवरून बांधता येतो. दोन्ही ठिकाणे एकाच सातवाहनांच्या मुलखातली, म्हणून हा अंदाज अगदीच वाऱ्यावरचा नाही.

काम कसे चालते हेही सांगायला हवे, कारण 'चित्र धुतात' असा एक समज आहे. अजिंठ्याचे चित्र धुतले तर संपले. त्याला सर्रास फ्रेस्को म्हणतात, पण ते खऱ्या अर्थाने फ्रेस्को नव्हे. इटलीतल्या फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग लावतात, चुना वाळताना रंगाला पोटात घेतो. आपल्याकडे खडबडीत खडकावर मातीचा गिलावा, त्यात तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा किंवा पांढऱ्या मातीचा पातळ हात, मग गेरूने रेखाटन आणि त्यानंतर डिंक-सरसासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा. पाचव्या शतकातल्या चित्रांत निळा येतो तो अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दाचा. जुन्या थरात तो नाही. म्हणून दहाव्या लेण्यात कुठे निळा दिसला की तो थर नंतरचा, असे सरळ ओळखता येते. रंगाचा एक कण असा पाचशे वर्षांचा हिशेब सांगतो.

गिलाव्यातल्या काडीकचऱ्यालाही बोलते करता येते. राजदेव सिंह आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये वेरूळच्या गिलाव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि अजिंठ्याला कसर लागून चित्रांचे मोठे नुकसान झाले. वेरूळला तसे दिसत नाही. भांग घातल्यामुळे कसर लागली नाही, असा त्यांचा निष्कर्ष. हे ज्ञान चित्राच्या पृष्ठभागावरून कधीच मिळाले नसते. गळून पडलेला चिमूटभर गिलावा केराच्या टोपलीत न टाकता पुडीत बांधून ठेवला म्हणून मिळाले.

प्रत्यक्ष हात लावायच्या आधीची तपासणी बघण्यासारखी असते. बोटाच्या पेराने भिंतीवर हलके टकटक करत जायचे. जिथे पोकळ वाजते तिथे गिलावा खडकापासून सुटलेला. खडूने नव्हे, नकाशावर खूण करायची. मग दिवा समोरून न धरता भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने धरायचा. त्या आडव्या उजेडात एकेक उचललेली खपली आपली सावली पाडते, आणि समोरून गुळगुळीत वाटलेली भिंत किती धोक्यात आहे ते दिसते. अतिनील दिव्याखाली लाख नारिंगी चमकते, जुनी राळेची व्हार्निशे हिरवट, आणि नंतर भरलेले रंग काळे डाग होऊन उघडे पडतात. अवरक्त किरणांचा कॅमेरा वरच्या रंगातून आरपार बघतो आणि खालचे कोळशाचे रेखाटन दाखवतो. युरोपात याने मोठे शोध लावले. अजिंठ्याला त्याचा उपयोग बेताचा, कारण गेरूची रेघ त्यात फारशी उमटत नाही. परदेशात चालले ते इथे चालेलच असे नाही, हे या धंद्यात पावलोपावली शिकावे लागते.

एवढे झाल्यावर नखाएवढी जागा निवडायची, तीही कोपऱ्यातली, चेहऱ्यावरची कधीच नाही. काडीला कापूस गुंडाळायचा, विद्रावकात बुडवून निपटायचा आणि भिंतीवर घासायचा नाही, फिरवायचा. मग कापूस बघायचा. तपकिरी आला तर लाख निघते आहे. काळा आला तर काजळी. तांबूस आला तर हात तिथेच थांबवायचा, कारण तो गेरू आहे, म्हणजे चित्रच निघते आहे. सगळे कौशल्य या कापसाच्या रंगात आहे. जिथे खपल्या फार सुटल्या असतील तिथे जपानी पातळ कागद लावून आधी त्या धरून ठेवायच्या, सुईने मागे चिकट द्रव सोडायचा, कागदावरून दाबायचे, वाट पाहायची. दिवसभरात तळहाताएवढे काम झाले तर खूप झाले.

मळ हा पुरावा कसा होतो याचे सगळ्यात सुरेख उदाहरण जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे आहे. व्हर्मीरने १६५७-५९ च्या सुमारास खिडकीशी पत्र वाचणारी तरुणी रंगवली. तिच्या मागची भिंत कोरी. त्या कोऱ्या भिंतीच्या शांतपणावर लोकांनी पानेच्या पाने लिहिली. १९७९ मध्ये क्ष-किरणांत दिसले की त्या भिंतीवर मदनाचे एक मोठे चित्र होते आणि ते रंगाने झाकलेले आहे. सगळ्यांनी धरून चालले की व्हर्मीरनेच आपला विचार बदलला असणार. आणि चित्रकाराने स्वतः झाकलेले उघडणे म्हणजे त्याच्या इच्छेविरुद्ध जाणे. २०१७ मध्ये सफाई सुरू झाली तेव्हा प्रयोगशाळेत रंगाच्या थरांचा आडवा छेद तपासला. मदनाच्या चित्रावर व्हार्निश होते, त्या व्हार्निशवर मळाचा थर होता, आणि झाकणारा रंग त्या मळाच्या वर होता. मळ साचायला वर्षे लागतात. म्हणजे झाकण्याचे काम चित्र पूर्ण झाल्यावर काही दशकांनी झालेले, व्हर्मीरच्या (मृत्यू १६७५) मागे. निकाल त्या मळाने दिला. मग सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्राच्या टोकाने तो रंग कणाकणाने खरवडला गेला आणि २०२१ मध्ये मदनासकट चित्र लोकांपुढे आले. आधीच्या सफाईवाल्याने ते मधले व्हार्निश आणि त्यावरचा मळ 'नीट' पुसून काढला असता तर हा निकाल कधीच लागला नसता.

बेल्जियममधल्या घेंटच्या वेदीचित्रातल्या कोकराचे तसेच झाले. सोळाव्या शतकातल्या डागडुजीचा रंग काढल्यावर खालून निघालेल्या मूळ कोकराचे डोळे माणसासारखे समोर रोखलेले होते, आणि जगभर त्या चेहऱ्याची थट्टा झाली. लोकांना चारशे-साडेचारशे वर्षांच्या सवयीचा मऊ चेहरा हवा होता.

आपल्याकडे हा अनुभव नवा नाही, फक्त तो चित्रापेक्षा मूर्तीच्या बाबतीत येतो. तेलात कालवलेला शेंदूर देवाला लावत जायचे, थरावर थर चढत जातो, नाकडोळे बुजतात आणि एके दिवशी कवच सुटते. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदूर २०२२ मध्ये शास्त्रशुद्ध पद्धतीने उतरवला तेव्हा तो सुमारे अठराशे किलो निघाल्याचे छापून आले. नवरात्रात भाविकांनी देवीचे मूळ रूप पाहिले. कित्येकांना भरून आले, आणि आमची देवी अशी नव्हती असे म्हणणारेही भेटले. मला दोघांचेही पटते. ज्या आजीने आयुष्यभर शेंदराचा चेहरा डोळे मिटून आठवला तिला मूळ रूप परके वाटले तर ती अडाणी ठरत नाही. तिच्यासाठी मूळ रूप ते शेंदराचेच.

याच प्रश्नाचे सर्वात अवघड रूप आपल्या तालुक्यात आहे. लेण्याद्रीचा गिरिजात्मज ज्या सभागृहात आहे तो मुळात बौद्ध विहार. एकही खांब नसलेले मोठे दालन, भोवती भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या. पुढे त्याचे देऊळ झाले आणि ते अष्टविनायकांतले एक म्हणून नांदते आहे. भिंतींवर गिलाव्याचे आणि रंगाचे अवशेष आहेत. समजा उद्या कुणी म्हणाले की सगळे थर काढून विहाराच्या काळापर्यंत पोचू. तर देवळाचे शतकांचे रंग जातील, दिव्यांची काजळी जाईल, म्हणजे भक्तांच्या येण्याजाण्याची खूणही जाईल. आणि समजा उलट बाजूने कुणी म्हणाले की देवस्थान आहे, सगळे एकदा चकाचक रंगवून टाकू. तर विहार जाईल. मला विचाराल तर इथे दोन्हींपैकी काहीच करू नये. बाजूच्या दिव्याने पाहावे, फोटो घ्यावेत, पोकळ जागा धरून ठेवाव्यात आणि सोडून द्यावे. थर मोजता येतात, त्यासाठी सगळे काढावे लागत नाहीत. एका कोपऱ्यात पायऱ्यापायऱ्यांनी उघडलेली बोटभर खिडकी पुरते.

'एकदा चकाचक' हा मात्र आमचा खरा रोग आहे आणि त्याबद्दल मी सौम्य बोलणार नाही. जुन्नर काय, आंबेगाव काय, गावोगावी वर्गणी जमते, हौसेने देवळाचा जीर्णोद्धार निघतो, आणि काळ्या दगडाच्या कोरीव खांबांवर ऑइल पेंट चढतो. भिंतीवरचे जुने चित्र असेल तर त्यावर नव्या पेंटरकडून तेच चित्र 'पुन्हा' काढून घेतात, किंवा सरळ फरशी ठोकतात. हेतूत खोट नसते. पण चुना आणि ऑइल पेंट यांत फरक आहे. वाड्यांतल्या पेशवाईतल्या चित्रांवर दिवाळीला, लग्नकार्याला चुन्याचा हात फिरत राहिला, त्याखाली ती झाकली गेली आणि पुष्कळदा त्यामुळेच टिकली; चुना श्वास घेतो, धार लावून खपलीखपलीने उडवता येतो, आणि थर मोजले तर घरात किती वेळा कार्य निघाले याचा अंदाजही बांधता येतो. ऑइल पेंट भिंतीतली ओल आत कोंडतो. कोंडलेली ओल क्षार घेऊन पृष्ठभागाशी येते आणि गिलावा आतून भुसभुशीत करते. पाच वर्षांनी पेंटला फुगे येतात आणि फुग्याबरोबर दोनशे वर्षांचा रंग खाली येतो. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात आणि वाईच्या मोतीबागेत अशी चित्रे अजून पाहायला मिळतात. कोणाच्या हाती ब्रश द्यायच्या आधी ती एकदा पाहून यावीत.

गेलेला भाग भरायचा की नाही, यावर दुसरे प्रकरण आहे. इटलीत चेझारे ब्रांदी यांच्या विचारातून एक रीत रुळली: गेलेल्या जागी बारीक उभ्या रेघांनी रंग भरायचा. लांबून चित्र अखंड दिसते, जवळ गेले की रेघा दिसतात आणि कुठे चित्रकाराचा हात संपून दुरुस्ती करणाऱ्याचा सुरू झाला ते लपत नाही. मला ही रीत आवडते. पण लेण्यात मी तीही वापरू देणार नाही. तिथे जे गेले ते जाऊ द्यावे, उघडी जागा मातीच्या रंगाने शांत करावी. यावर मतभेद आहेत आणि ते त्या प्रकरणात सविस्तर मांडले आहेत. तिसऱ्या प्रकरणात विद्रावकांची नावे आणि प्रमाणे आहेत. रसायनाचा कंटाळा असणाऱ्यांनी ते खुशाल ओलांडावे. पण ते वाचून घरच्या तसबिरीवर प्रयोग मात्र करू नये.

शेवटचे प्रकरण लहान आहे आणि ते वाचकांच्या मदतीवर अवलंबून आहे. जुन्नर, घोडेगाव, मंचर आणि आसपासच्या घरांत लग्नामुंजींचे जुने कृष्णधवल फोटो असतात. अनेकदा ते वाड्याच्या ओसरीवर, सोप्यात, देवळाच्या मंडपात काढलेले असतात आणि माणसांच्या मागे भिंत येते. त्या भिंतीवर नक्षी, वेलबुट्टी, एखादा द्वारपाल, हत्तीची सोंड असे काही दिसत असेल, तर ती आता उभी नसलेल्या किंवा रंगाखाली गेलेल्या चित्राची कदाचित एकमेव नोंद आहे. फोटो अल्बममधून सोडवू नये, चिकटवलेला असतो तो फाटतो. खिडकीच्या उजेडात तिरका न धरता सरळ मोबाइलने टिपावा, मागे काही लिहिलेले दिसत असेल तर तेही टिपावे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून गाव, वाडा आणि अंदाजे साल एका कागदावर लिहून सोबत ठेवावे. फोटोतल्या माणसांची नावे आठवली नाहीत तरी चालेल. भिंत कोणती होती ते आठवले पाहिजे.